साथ, सत्ता आणि जाब : १८९७च्या प्लेगचा एक धडा

४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यात गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलाने साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा संमत केला. जॉन वुडबर्न यांनी मांडलेले हे विधेयक आठवडाभरातच कायदा झाले. त्यात अवघी चार कलमे होती. नेहमीचे कायदे अपुरे आहेत असे सरकारला वाटले, तर त्याने हवे ते उपाय योजावेत व हवे ते तात्पुरते नियम करावेत, अशी मुभा दुसऱ्या कलमाने दिली. तिसऱ्या कलमाने नियमभंगाला शिक्षा ठरवली. या कायद्यान्वये सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे चौथे कलम सांगत होते. ‘धोकादायक साथ’ कशास म्हणावे याची व्याख्या कायद्यात नव्हती, आणि जनतेने दाद कोठे मागावी हेही त्यात सांगितलेले नव्हते. अधिकार भरपूर आणि उत्तरदायित्व शून्य, अशी या कायद्याची मूळ घडण होती. पुण्याचा पुढील इतिहास या घडणीच्या प्रकाशात वाचला पाहिजे.

रोगाचे भय खोटे नव्हते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. मुंबईतून जीव घेऊन पळणाऱ्यांबरोबर रोगही पसरला आणि लवकरच पुणे त्याच्या तावडीत सापडले. तत्कालीन मराठी पत्रे ज्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणत, त्या रोगाने १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवेत गुंतलेल्या सावित्रीबाई फुले यांचा बळी घेतला. रुग्णांना वेगळे ठेवण्याची आवश्यकता अनेक विचारी पुणेकरांना मान्य होती. लोकमान्य टिळकांनी स्वतः पुढाकार घेऊन हिंदू प्लेग हॉस्पिटल सुरू केले. तेव्हा पुढे जो संघर्ष पेटला तो अडाणी जनता आणि शास्त्रीय उपचार यांच्यातील झगडा होता, हे सोयीचे स्पष्टीकरण टिकत नाही.

पुण्यातील प्लेग समितीचे अध्यक्षपद सनदी अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आले. मार्च ते मे १८९७ या काळात घरोघरीच्या तपासणीसाठी गोऱ्या सोजिरांचा वापर झाला. पथके माजघरात व देवघरात शिरत. आजारी माणूस सापडला की त्याची रवानगी रुग्णालयात आणि घरच्यांची विलगीकरणाच्या छावणीत होई. घरातील चीजवस्तू बाहेर काढून जाळल्या जात. ज्या ज्ञानाच्या जोरावर हे चालले होते ते ज्ञानही अपुरे होते. हा रोग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमोंद यांनी कराचीत दाखवून दिले ते १८९८ साली. म्हणजे ज्या उपायांसाठी माणसांची घरे व अब्रू पणाला लागली, त्यांतील कित्येक उपाय रोगाच्या मुळाशी पोहोचतच नव्हते.

या स्थितीत जाब विचारण्याचे एकच प्रभावी व्यासपीठ उरले होते, ते म्हणजे वृत्तपत्र. ‘केसरी’ने एकीकडे स्वच्छतेचा व विलगीकरणाचा पुरस्कार केला आणि दुसरीकडे तपासणीतील जुलमावर कोरडे ओढले. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही त्याने बोल लावले. अव्वल इंग्रजी अमदानीतील अर्ज-विनंत्यांच्या नम्र भाषेपासून मराठी गद्य दूर सरकत होतेच. प्लेगच्या काळात त्याला जाब विचारणाऱ्याचा करारी स्वर लाभला. मराठी निबंधाच्या इतिहासात या घटनेला महत्त्व आहे.

२२ जून १८९७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले; रँड ३ जुलैला. सरकारचा रोख मारेकऱ्यांपुरता राहिला नाही. सरदार नातू बंधूंना १८२७च्या मुंबई रेग्युलेशन २५ अन्वये चौकशीवाचून स्थानबद्ध करण्यात आले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. खटल्याचा आधार होता १५ जूनच्या ‘केसरी’तील शिवाजी उत्सवासंबंधीचा मजकूर, प्लेगवरील टीका नव्हे. ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितला. सहा युरोपीय ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष. १४ सप्टेंबरला अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, राजद्रोहाचे १२४-अ हे कलम अधिक व्यापक करण्यात आले. रोगासाठी घेतलेल्या अधिकारांनी सुरू झालेली वाट अशा रीतीने लेखणीवरील अधिकारापाशी येऊन पोहोचली.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे प्रकरण याहून अधिक बोलके आहे. वेल्बी कमिशनपुढील साक्षीसाठी विलायतेत असताना, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे जाहीर केले. मायदेशी परतल्यावर पुरावा उभा राहीना, आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील मुलींच्या असुरक्षिततेविषयी पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा तेही सरकारने दिशाभूल करणारे ठरवले. रँड यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या अहवालात, स्त्रियांच्या विटंबनेची एकही विश्वसनीय तक्रार आली नाही, असे समाधान नोंदलेले आहे. ज्या समाजात अशी तक्रार करणाऱ्या स्त्रीचे घर उद्ध्वस्त होण्याचा संभव होता, आणि तक्रार ज्यांच्यापुढे मांडायची ते स्वतःच आरोपी पक्षाचे होते, तेथे तक्रारीचा अभाव हा निर्दोषत्वाचा पुरावा कसा ठरेल? नोंद ठेवणे सत्तेच्या हाती आणि पुरावा देणे पीडिताच्या माथी, अशी ही विभागणी होती. गोखल्यांच्या माफीने एवढेच सिद्ध झाले, की पुरावा जमवता आला नाही.

अर्थात प्लेगकाळाची उपलब्ध साधनेही एकांगी आहेत. दामोदर चापेकरांचे तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त सुधारकांवरही तेवढीच आग पाखडते. वृत्तपत्रांत सोवळ्याच्या विटाळाची व्यथा मोठ्याने ऐकू येते. चाळीत राहणाऱ्या कष्टकऱ्याची क्वचितच. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर केलेला हल्ला हेच त्या मुक्या वर्गाचे निवेदन मानावे लागते. अशा उद्रेकांनंतर सरकारने जबरदस्ती सैल केली. धोरण बदलले, कायदा मात्र तसाच राहिला.

स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. मार्च २०२० मध्ये कोविडची साथ आली तेव्हा केंद्राने राज्यांना याच कायद्याचा आधार घेण्यास सांगितले, आणि २५ मार्चपासूनची देशव्यापी टाळेबंदी २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये लागू झाली. त्याच वर्षी १८९७च्या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्यसेवकांना संरक्षण मिळाले, ते योग्यच होते. परंतु दाद मागण्याची जागा मोकळीच राहिली. गुजरात सरकारने कारखान्यांना कामाचे तास व जादा कामाचा मोबदला यांबाबत दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. साथ म्हणजे कामगारांचे हक्क गुंडाळण्याचा परवाना नव्हे, हा त्या निर्णयाचा आशय. पण त्याच सप्टेंबरमध्ये, टाळेबंदीत गावाकडे निघालेल्या किती स्थलांतरित मजुरांचे प्राण गेले, या संसदेतील प्रश्नाला केंद्र सरकारने उत्तर दिले, की अशी आकडेवारी ठेवलेली नाही.

परकी सत्ता आणि लोकनियुक्त सरकार यांची बरोबरी करणे अनैतिहासिक ठरेल. लोकनियुक्त सरकारला संसदेत प्रश्न विचारता येतो, न्यायालयात खेचता येते, मतदानाने बदलता येते; रँडच्या पुण्याला यांपैकी काहीच शक्य नव्हते. तरीही ‘तक्रार आली नाही’ आणि ‘आकडेवारी ठेवलेली नाही’ ही दोन उत्तरे एकाच कुळातील आहेत. साथीत राज्यसंस्थेला असाधारण अधिकार द्यावे लागतात, हे मान्य केले, तर त्या अधिकारांच्या वापराची नोंद ठेवण्याचे बंधनही तितकेच असाधारण असले पाहिजे. १८९७च्या चार कलमांत हे पाचवे कलम कोणी लिहिले नाही. ‘केसरी’च्या स्तंभांनी, रमाबाईंच्या पत्राने आणि गोखल्यांच्या फसलेल्या आरोपानेही ते लिहिण्याचा प्रयत्न केला. प्लेगकाळातील मराठी व इंग्रजी लेखनाचे आजचे मोल त्या प्रयत्नात आहे.