नाव कुणी ठेवले?



विहारात आपण रोज त्रिशरण-पंचशील म्हणतो. लहान मुलांनाही ते तोंडपाठ असते. पण एखाद्या चौकस मुलाने विचारले, "ही कोणती भाषा?" तर आपण सांगतो, "पाली." आणि त्याने पुढे विचारले, "म्हणजे कुठली? पाली नावाचा देश होता का? की रायगड जिल्ह्यातले पाली गाव?" की मग मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. प्रश्न साधा आहे, पण उत्तर साधे नाही. त्या उत्तराच्या मागे गेलो की जगातल्या अनेक भाषांचा आणि ती बोलणाऱ्या लोकांचा इतिहास हाती लागतो. शेवटी आपण येऊन पोहोचतो ते आपल्या स्वतःच्या नावापाशी. म्हणून या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी हाच विषय घेतला आहे.

पाली हे भाषेचे नाव नव्हते

तिपिटकात कुठेही भाषेचे नाव म्हणून ‘पाली’ हा शब्द येत नाही. पाली म्हणजे ओळ, रांग, आणि त्यावरून मूळ ग्रंथपाठ. इसवी सनाच्या ५व्या शतकात आचार्य बुद्धघोष सिंहलद्वीपात अनुराधपूरच्या महाविहारात बसून अट्ठकथा लिहीत होते. ‘पाली’ म्हणजे मूळ बुद्धवचन आणि ‘अट्ठकथा’ म्हणजे त्यावरचे भाष्य, असा फरक ते करतात. भाषेला मात्र ते मागधी म्हणतात. म्हणजे मगध देशाची बोली.

मग भाषेचे नाव पाली कसे पडले? ‘पालीची भाषा’, म्हणजे ग्रंथांची भाषा, असे म्हणता म्हणता ग्रंथाचे नावच भाषेला चिकटले. फ्रान्सच्या राजाचा वकील सिमॉन द ला लूबेर १६८७ साली सयामला गेला. त्याने १६९१ मध्ये छापलेल्या पुस्तकात तिथल्या भिक्खूंच्या या भाषेची माहिती दिली आणि तिचे हे नाव युरोपच्या कानावर गेले. पुढे १८२६ मध्ये ब्यूर्नूफ आणि लासेन या दोन विद्वानांनी पाली भाषेवर निबंध लिहिला. १८८१ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी लंडनमध्ये पाली टेक्स्ट सोसायटी काढली आणि नाव पक्के झाले.

गंमत बघा. ज्या भाषेला आपण इतके मानतो, तिचे नाव तिच्या बोलणाऱ्यांनी ठेवलेले नाही. तिला स्वतःची एक अशी लिपीसुद्धा नाही. सिंहली, ब्रह्मी, थाई, ख्मेर, देवनागरी, जिथे गेली तिथली लिपी तिने आपली मानली.

यामागे तथागतांची एक भूमिका होती. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू भावांनी बुद्धवचन वैदिक छंदात बसवावे अशी सूचना केली. भगवंतांनी ती नाकारली, आणि ते आपापल्या बोलीत शिकावे अशी अनुज्ञा दिली. ही कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आहे. ‘आपली बोली’ म्हणजे बुद्धांची मागधी, असा अर्थ बुद्धघोषांनी केला. आजचे बरेच अभ्यासक मात्र ‘ज्याची त्याची बोली’ असा अर्थ घेतात. धम्म पुढे ज्या वाटेने गेला ती पाहता हा दुसरा अर्थच मनाला पटतो.

पातेलं, टोप आणि गंज

मज्झिम निकायातल्या अरणविभंग सुत्तात एक सुंदर दाखला आहे. एकाच भांड्याला निरनिराळ्या मुलखांत पाती, पत्त, सराव, धारोप, पोण अशी निरनिराळी नावे आहेत. आपल्याच मुलखातला शब्द खरा आणि बाकीचे खोटे, असा हट्ट धरू नये. जिथे जो शब्द चालतो तिथे तो वापरावा. आपल्याकडंच बघा ना! ज्याला कुणी पातेलं म्हणतं, त्याला मुंबईकर टोप म्हणतो आणि विदर्भात त्याला गंज म्हणतात. भात सगळ्यांत सारखाच शिजतो.

सम्राट अशोकाने हेच केले. त्याचे लेख देशभर एका ठशाचे नाहीत. गिरनारला एक बोली, शाहबाजगढी आणि मानसेहऱ्याला दुसरी बोली आणि खरोष्ठी लिपी. अफगाणिस्तानात कंदहारला १९५८ साली सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरामी या दोन भाषांत आहे. आपल्या सोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत. पण यांपैकी कोणत्याही लेखात अशोक भाषेचे नाव सांगत नाही. तो नावे सांगतो ती लोकांची: योन, कंबोज, गंधार, रठिक, भोज, आंध्र.

योन आणि मरहट्टे

यातला ‘योन’ कोण? ग्रीक लोक स्वतःला हेलेन म्हणतात, आजही आपल्या भाषेला ते एलिनिका म्हणतात. ‘ग्रीक’ हे नाव रोमन लोकांकडून पसरले. पूर्वेकडच्या लोकांना आधी भेटले ते आयोनिया या भागातले ग्रीक. म्हणून इराणी लोकांनी सगळ्यांनाच ‘यौन’ म्हटले. त्याचे आपल्याकडे प्राकृतात योन आणि संस्कृतात यवन झाले. एका कोपऱ्यातल्या लोकांचे नाव साऱ्या जमातीला बसले.

पण हे योन आपल्यापासून दूरचे नव्हते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांतले १७ क्रमांकाचे लेणे धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवले. नाव भारतीय, पण लेखात तो आपण उत्तरेकडचा योनक असल्याचे अभिमानाने सांगतो. महावंसात तर अपरांतात, म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्यावर, धम्म घेऊन आलेला थेर योनक धम्मरक्खित असल्याचे लिहिले आहे. त्याच ठिकाणी महारट्ठ देशात महाधम्मरक्खित थेर गेल्याची नोंद आहे. पुढे मध्ययुगात ‘यवन’ शब्दाचा अर्थ पार बदलला आणि तो परधर्मीयांना हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. ज्यांनी आपल्या लेण्यांना दान दिले, त्यांचे नाव शिवी झाले!

महारट्ठ हेच आपले महाराष्ट्र. इथल्या प्राकृताला महाराष्ट्री म्हणत आणि त्यातूनच आपली मराठी आली. नाणेघाट, भाजे, बेडसे, कार्ले इथल्या लेखांत महारठी आणि महारठिनी भेटतात. अशोकाच्या रठिकांशी या नावाचे नाते अनेक अभ्यासक जोडतात. १९व्या शतकात जॉन विल्सन यांनी महारांचे राष्ट्र ते महाराष्ट्र अशीही व्युत्पत्ती सुचवली. आपल्या माणसांना ती ऐकून बरे वाटते, पण भाषाशास्त्राच्या अंगाने ती बहुतेकांना पटलेली नाही. अभिमानासाठी कच्च्या पुराव्याची गरज नाही. लेण्यांतला पक्का पुरावा पुरेसा आहे.

ज्यांचे नावच हरवले

नाव चुकीचे पडले तर काय होते? मध्य आशियात कुची नावाचे बौद्ध राज्य होते. महान अनुवादक कुमारजीव (इ. स. ३४४ ते ४१३) तिथलाच. वडील भारतीय, आई कुचीची राजकन्या. इ. स. ४०१ मध्ये तो चीनमध्ये चांगआनला पोहोचला आणि सद्धर्मपुंडरीकासारखी सूत्रे त्याने चिनीत आणली. कुचीच्या लोकांची स्वतःची भाषा होती आणि तिच्यात त्यांनी बौद्ध ग्रंथ लिहिले. पुढे राज्य गेले, लोक दुसऱ्या भाषा बोलू लागले, ग्रंथ वाळूत गाडले गेले.

२०व्या शतकाच्या सुरुवातीला ते ग्रंथ हाती आले, तेव्हा भाषेला नाव काय द्यायचे हा प्रश्न पडला. जर्मन विद्वानांनी १९०७-०८ मध्ये एका उइगुर पोथीतल्या उल्लेखावरून तिला ‘तोखारी’ म्हटले. तोखारी लोक तर पार पश्चिमेला बाल्खकडचे! नाव चुकले असे आज बहुतेक अभ्यासक मानतात, पण जगभरच्या पुस्तकांत तेच चालते. कारण दुरुस्ती मागायला त्या भाषेचा एकही माणूस उरलेला नाही. गंधारच्या बोलीचेही तसेच. बौद्ध साहित्याच्या सर्वात जुन्या भूर्जपत्री पोथ्या तिच्यात आहेत, पण ‘गांधारी’ हे नाव तिला मिळाले १९४६ मध्ये, बेली या विद्वानाकडून.

बोलणारे लोक जिवंत असले की गोष्ट वेगळी होते. स्लाव लोकांनी जर्मनांना जे नाव दिले त्याचा मूळ अर्थ ‘मुके’ असा मानतात. ग्रीकांचा ‘बार्बारोस’ आणि आपल्याकडचा ‘म्लेच्छ’ यांचा अर्थही तोच, ज्याचे बोलणे कळत नाही तो. म्यानमारमध्ये धम्म रुजवण्यात मोन लोकांचा मोठा वाटा आहे. शेजारी त्यांना ‘तलाइंग’ म्हणत. मोन लोकांना हे नाव अपमानाचे वाटते. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांना जगाने ‘एस्किमो’ म्हटले. १९७७ मध्ये त्यांच्या परिषदेने सांगितले की आम्ही ‘इनुइट’. त्यांच्या भाषेत इनुइट म्हणजे माणसे. एवढेच म्हणणे, की आम्ही माणसे आहोत!

मग नावासाठी भांडायचे कशाला?

इथे कुणी शंका काढील. भांड्याच्या नावाचा हट्ट धरू नका असे भगवंत सांगतात. योन राजा मिलिंदाला भदंत नागसेनही सांगतात की नाव म्हणजे केवळ व्यवहारातला संकेत. मग बाबासाहेबांनी नावासाठी एवढा झगडा का केला?

उत्तर विनयातच आहे. पाचित्तिय नियमांतला दुसरा नियम टोचून बोलण्याविषयी आहे. भिक्खूने दुसऱ्या भिक्खूला जात, नाव, गोत्र, धंदा यांवरून हिणवले तर तो दोष ठरतो. चांडाल, निषाद, पुक्कुस ही त्या काळची हिणवण्याची नावे तिथे स्पष्ट सांगितली आहेत. म्हणजे नाव संकेत आहे हे खरे, पण त्या संकेताने माणसाला जखम करता येते, हेही तथागतांना पुरते ठाऊक होते. भांड्याला काहीही म्हणा, भांडे रडत नाही. माणसाचे तसे नाही. कोणत्या विहिरीवर पाणी भरायचे आणि गावात कुठे राहायचे, हे आपल्या बापजाद्यांच्या बाबतीत नावानेच ठरत होते.

यावरचा उपायही भगवंतांनीच दाखवला. गंगा, यमुना, अचिरवती, सरभू, मही या नद्या समुद्राला मिळाल्या की आपली जुनी नावे टाकतात. तसे चारही वर्णांचे लोक संघात आले की जुने नाव-गोत्र टाकून शाक्यपुत्रीय श्रमण होतात.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात कायद्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ शब्द घालण्याचा प्रश्न आला. ज्यांच्यासाठी शब्द, त्यांना तो नको होता. तरीही तो लादला गेला, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभागृहातून उठून बाहेर पडले. त्याआधी, ३१ मे १९३६ च्या ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणातही त्यांनी नामांतराचा प्रश्न धर्मांतराला जोडूनच मांडला होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो नद्या समुद्राला मिळाल्या. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध होते सुमारे अडीच हजार, १९६१ मध्ये झाले २७ लाख ८९ हजार. जगाच्या इतिहासात इतक्या माणसांनी इतक्या थोड्या काळात आपले नाव स्वतः ठेवल्याची उदाहरणे फार थोडी. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपल्या माणसांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे काय सोसले, ते वेगळे सांगायला नको.

आता आपले काम

तरी सरकारी कागदांवर अजून ‘नवबौद्ध’ शब्द चालतो. १९५६ साली तो समजण्यासारखा होता. पण आज दीक्षा घेतलेल्यांची पणतवंडे शाळेत जातात. चौथ्या पिढीला ‘नव’ म्हणणे म्हणजे तुम्ही अजून पुरते बौद्ध झाला नाहीत असे सुचवणे. सवलतीच्या भीतीने काहीजण धर्माच्या रकान्यात दुसरेच काही लिहितात. अनुसूचित जातींविषयीचा आदेश १९९० मध्ये दुरुस्त झाला आहे. बौद्ध म्हणवल्याने अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, हे घराघरांत सांगितले पाहिजे.

भाषेच्या रकान्याकडेही बघा. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषेची १९,५६९ नावे सांगितली. त्यांची छाननी होऊन १,३६९ मातृभाषा आणि शेवटी १२१ भाषा उरल्या. नाव सांगितले तरच मोजले जाते, आणि सांगूनही गाळले जाऊ शकते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली यांना अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदच आहे. पण दर्जा मिळून भाषा जगत नाही, ती जगते शिकणाऱ्यांवर. कुचीची भाषा कुणी मारली नाही. ती बोलायचे लोक थांबले, एवढेच झाले. बाबासाहेबांनी धकाधकीच्या आयुष्यात वेळ काढून पालीचा शब्दकोश तयार केला, तो त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६व्या खंडात आहे. विहाराच्या कपाटात तो नुसता राहू नये. रविवारच्या वर्गात मुलांपुढे उघडला जावा. वंदनेतल्या एका शब्दाचा अर्थ मुलाला आठवड्याला कळला, तरी वर्षाला बावन्न शब्द होतात.

जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा धर्म विचारल्यावर ‘बौद्ध’ म्हणा, मातृभाषा विचारल्यावर ‘मराठी’ म्हणा, आणि येत असेल तर आणखी येणाऱ्या भाषांत ‘पाली’ सांगा. न येणारी भाषा येते म्हणून सांगू नका, चौथे शील आडवे येते. त्यापेक्षा ती शिका आणि मग सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!