दवाखान्याच्या दारातला प्रश्न

आजारी माणूस दवाखान्यात पाऊल टाकतो तेव्हा त्याची पहिली गाठ डॉक्टरांशी पडत नाही. ती पडते दाराशी बसलेल्या माणसाशी. कुठं तो कंपाउंडर असतो, कुठं केसपेपर लिहिणारा कारकून, तर कुठं फोनवर वेळ देणारी मुलगी. डॉक्टर किती हुशार, यंत्रं किती महागडी, हे सगळं नंतरचं. वैद्यकाचा इतिहास आपण औषधांचा, लशींचा, शस्त्रक्रियांचा म्हणून वाचतो. श्रोतेहो, आज मला या दाराचा इतिहास सांगायचा आहे.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही, बी. ए. होऊन कवितेच्या नादी लागलेला माणूस. पण शब्दांशी रोजचा संबंध असल्यामुळं एक गोष्ट ध्यानात आली. या दाराशी फिरून फिरून तीनच प्रश्न विचारले गेले आहेत. ‘काय होतंय?’, ‘कुणाची चिठ्ठी आणलीत?’ आणि ‘नंबर कितवा?’

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. आजच्या तेहरानजवळ रय नावाचं जुनं शहर आहे. नवव्या-दहाव्या शतकांत तिथं अबू बक्र अल्-राझी हा थोर हकीम होऊन गेला. रय आणि बगदाद इथल्या रुग्णालयांचा तो प्रमुख होता. इब्न अल्-नदीम या बगदादच्या पुस्तकविक्यानं दहाव्या शतकात ‘फिहरिस्त’ ही ग्रंथसूची लिहिली. तीत राझीच्या बैठकीचं वर्णन येतं. राझीभोवती त्याचे शिष्य बसत, त्यांच्या मागं शिष्यांचे शिष्य आणि त्यांच्याही मागं आणखी शिकाऊ मंडळी. आलेला रोगी सर्वांत बाहेरच्या रांगेला आपलं दुखणं सांगे. त्यांना उलगडा झाला तर काम तिथंच संपे. नाही झाला तर रोगी पुढच्या रांगेकडं जाई. सगळ्यांनी हात टेकले की मग स्वतः राझी बोले. साधा ताप असेल तर थोरल्या हकिमाचा वेळ मोडत नसे आणि अवघड दुखणं वाटेत अडकून पडत नसे. ज्यांना हकीम गाठताच येत नाही, अशांसाठी राझीनं घरच्या घरी करायच्या उपचारांचं एक वेगळं पुस्तकही लिहिलं होतं.

पुढं १२८४ मध्ये सुलतान कलाऊननं कैरो शहरात मोठं रुग्णालय बांधलं. तापाचे, डोळ्यांचे, शस्त्रक्रियेचे रोगी तिथं वेगवेगळ्या दालनांत ठेवत. बायका आणि पुरुष यांच्या जागा वेगळ्या होत्या. गरीब-श्रीमंत दोघांनाही प्रवेश होता आणि खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. म्हणजे कुठल्या दालनात जायचं ते दुखण्यावर ठरे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडं, चिठ्ठीकडं येऊ. अठराव्या शतकात लंडनमध्ये देणग्यांवर चालणारी बरीच रुग्णालयं निघाली. काम पुण्याचं होतं, पण त्यात एक मेख होती. गरीब रोग्याला आत यायचं तर बहुतेक ठिकाणी वर्गणीदाराची शिफारसचिठ्ठी लागे. ज्याला मालक नाही, ओळख नाही, त्यानं जायचं कुठं? १८२७ च्या हिवाळ्यात विल्यम मार्सडन या तरुण शल्यचिकित्सकाला होबर्न भागातल्या चर्चच्या पायऱ्यांवर एक मुलगी मरणपंथाला लागलेली दिसली. चिठ्ठी नसल्यामुळं तिला कुठल्याच रुग्णालयानं घेतलं नव्हतं. मार्सडननं चंग बांधला आणि १८२८ मध्ये एक लहानसा दवाखाना उघडला. तिथं पैसा नको होता आणि चिठ्ठीही नको होती. आजारी असणं हीच काय ती पात्रता. पुढं तो ‘रॉयल फ्री हॉस्पिटल’ या नावानं मोठा झाला.

इथून आपण मुंबईला येऊ, कारण या दाराचा आपल्याशी थेट संबंध आहे. मुंबईत १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय सुरू झालं. शेजारीच ग्रँट मेडिकल कॉलेज उभं राहिलं. तिथून शिकून निघालेल्या पहिल्या मंडळींपैकी डॉ. भाऊ दाजी लाड यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. दार उघडलं होतं खरं, पण बायका त्या दाराशी थबकत होत्या. हिंदू काय, मुसलमान काय, पारशी काय, परक्या पुरुषापुढं अंगावरचं दुखणं बोलून दाखवणं त्यांना जमत नव्हतं. चिठ्ठी कुणी मागत नव्हतं. ‘काय होतंय?’ हेही विचारलं जात होतं. पण विचारणारा पुरुष होता, म्हणून उत्तर ओठांवर येत नव्हतं.

मग मुंबईतल्या काही सुजाण मंडळींनी निधी जमवून विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणायचं ठरवलं. डिसेंबर १८८३ मध्ये डॉ. एडिथ पीची मुंबईत उतरल्या. बायकामुलांसाठीचा जाफर सुलेमान दवाखाना त्यांनी चालवला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडलं, तेही त्यांनीच सांभाळलं. पारशी गृहस्थाचा पैसा, मुसलमान दात्याच्या नावाचा दवाखाना, इंग्रज डॉक्टरीण आणि सगळ्या जातिधर्मांच्या रोगी बाया! मला मुंबईचा अभिमान वाटतो तो अशा गोष्टींसाठी.

याच पीचीबाईंनी एका मराठी मुलीच्या पाठीवर हात ठेवला. तिचं नाव रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडं नांदायला जाणार नाही, असं तिनं कोर्टात ठणकावून सांगितलं होतं. त्यापायी १८८७ मध्ये तिच्यापुढं तुरुंगाची पाळी येऊन ठेपली होती. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढं ती डॉक्टरकी शिकायला लंडनला गेली. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेतल्या मुलींना प्रत्यक्ष रोग्यांपाशी शिकायला मिळे ते रॉयल फ्री रुग्णालयात. चिठ्ठी नसलेल्या रोग्यांसाठी उघडलेलं दार १८७७ पासून या विद्यार्थिनींसाठीही उघडलं होतं. रखमाबाई तिथं शिकल्या आणि परत येऊन सुरत, राजकोट इथं त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. लंडनच्या पायऱ्यांवरच्या त्या अनाम पोरीचं देणं असं फिरत फिरत आपल्या लेकीबाळींपर्यंत पोचलं.

चिठ्ठीचा पुढचा प्रवास गमतीचा आहे. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येकानं आपल्या भागातल्या एका डॉक्टरच्या यादीत नाव घालायचं. तज्ज्ञाची गरज असेल तर त्याच डॉक्टरनं पत्र देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. चिठ्ठी राहिली, पण लिहिणारा बदलला. पूर्वी ती धनिक लिहीत असे, आता डॉक्टर लिहू लागला. पूर्वी चिठ्ठीत ‘हा माझा माणूस आहे’ असा अर्थ होता, आता ‘याला हे दुखणं आहे’ असा आला. जुनी वाईट चालही अशी सुधारता येते.

आपल्याकडं भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहता कामा नये, हे तिचं सूत्र होतं. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं सुरू झाली. पुढं उपकेंद्र, त्यावर प्राथमिक केंद्र, त्यावर ग्रामीण आणि मग जिल्हा रुग्णालय अशी शिडी उभी राहिली. २००५ नंतर या शिडीच्या अगदी खालच्या पायरीशी गावचीच आशाताई आली. नीट पाहिलं तर ही राझीच्या बैठकीतल्या रांगांचीच मांडणी आहे. फरक इतकाच, की आपल्याकडं मधल्या पायऱ्यांवर कधी डॉक्टर नसतो, कधी औषध नसतं. मग माणसं तालुका ओलांडून थेट मोठ्या रुग्णालयाच्या दारात येऊन बसतात. तिथं त्यांना तिसरा प्रश्न भेटतो, ‘नंबर कितवा?’

नंबराला मी नावं ठेवणार नाही. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडं पितळी बिल्ले असत. बिल्ल्याला पाटील कोण अन् पिंजारी कोण ते कळत नसे. सातवा बिल्ला असलेला हमाल आत जाई आणि आठवा असलेले सावकार बाकावर बसून राहत. गावात दुसरीकडं कुठंही न दिसणारी समता त्या बाकावर दिसे. पण तिथले कंपाउंडर बिल्ला देऊन गप्प बसत नसत. मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवता चिकटवता त्यांची नजर बाकावरून फिरत असे. एकदा अम्मा माझ्या धाकट्या भावाला घेऊन पार दाराबाहेर, पायरीवर बसली होती. पोर तापानं फणफणलं होतं. त्यांनी तिथूनच हाक मारली, “भाभी, नंबर राहू द्या. पोराचे डोळे फिरताहेत, आधी आत चला.” बाकावरच्या कुणीही हूं की चूं केलं नाही.

ज्याचं दुखणं मोठं त्याचा नंबर आधी, हा नियम नेपोलियनच्या फौजेतला शल्यचिकित्सक दोमिनिक लारे यानं रणांगणावर पाळला होता. शिपाई की सरदार हे न पाहता तो आधी जखम पाही. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात हेच तत्त्व आहे. पण बाहेरच्या खिडकीवर ते पोचतंच असं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या खालाला पाठीत आणि जबड्यात दुखू लागलं, मळमळू लागलं. एका मोठ्या रुग्णालयात खिडकीवरच्या माणसानं ‘मळमळ’ एवढंच ऐकून पोटाच्या रांगेचा कागद हाती दिला. ती तासभर त्या रांगेत घाम पुसत उभी होती. जाता जाता एका सिस्टरनं थांबून विचारलं, “मावशी, काय होतंय?” पुढच्या दहा मिनिटांत तिच्या हृदयाचा आलेख निघाला. हृदयविकाराचा झटका होता. बायकांमध्ये तो कधी कधी असाही आडवाटेनं येतो. छातीतली कळ हेच बायकांमध्येही सर्वांत नेहमीचं लक्षण, पण तिच्या जोडीला पाठदुखी, मळमळ, दम लागणं ही लक्षणं त्यांच्यात पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. खाला वाचली ती त्या एका प्रश्नामुळं.

आता तर मोबाइलवर वेळ घेता येते. सरकारी रुग्णालयांतही खिडकीवरचा चौकोनी कोड टिपला की टोकन मिळतं. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरशी बोलता येतं. रांगेतले तास वाचतात, हे मोठंच काम झालं. पण ज्या म्हातारीच्या हाती तो मोबाइल नाही, तिच्यासाठी खिडकीपलीकडं बोलणारं माणूस लागेलच. आणि टोकन झटपट मिळालं म्हणजे रांग बरोबर मिळाली, असं होत नाही.

तेव्हा श्रोतेहो, एक विनंती तुम्हाला आणि एक खिडकीपलीकडच्या मंडळींना. दवाखान्यात वेळ मागताना नुसतं ‘डॉक्टरांना भेटायचंय’ म्हणू नका. काय दुखतंय, कधीपासून, वाढतंय का, आधीचे आजार आणि चालू गोळ्या कोणत्या, एवढं दोन वाक्यांत सांगा. जुने कागद बरोबर ठेवा. श्वास लागत असेल, छातीत दाटत असेल, तोंड वाकडं झालं असेल, तर नंबराची वाट पाहू नका. मोठ्यानं सांगा, १०८ ला फोन करा. आणि खिडकीवरच्या भावांनो, ताईंनो, तुमच्यामागं गर्दी असते, पगार बेताचा असतो, हे सगळं मान्य. तरी नाव लिहिण्याआधी ‘काय होतंय?’ एवढं विचारा. उत्तर तुम्हाला उमगलं नाही, तर आतल्या सिस्टरला हाक मारा. राझीच्या बाहेरच्या रांगेतले शिकाऊही तेच करत होते.