गल्ल्यावरील श्रम आणि त्यांचे मापन

‘अर्गोनॉमिक्स’ ही संज्ञा ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य आणि ‘नोमॉस’ म्हणजे नियम या दोन ग्रीक पदांपासून सिद्ध झाली आहे. १८५७ साली पोलिश निसर्गाभ्यासक यास्त्शेंबॉव्स्की यांनी ती प्रथम योजिली. १९४९ साली ब्रिटनमध्ये मरेल यांनी ती पुन्हा प्रचारात आणिली. तथापि हा नियम कार्याने देहास लावावयाचा की देहाने कार्यास, याचा उलगडा या सामासिक शब्दावरून होत नाही. गल्ल्यावरील कामाच्या परीक्षणाचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

देहाच्या बाजूने झालेला विचार बराच जुना आहे. १७०० साली मोदेना येथे बेर्नार्दिनो रामात्सिनी यांनी लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे नोंदविली : सततची बैठक, हाताची एकसारखी अखंड हालचाल आणि मनावरील ताण. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रँक गिलब्रेथ यांनी गवंड्यांच्या हालचालींचे पृथक्करण केले. थकव्याचा विचार त्यांनीही केला. परंतु त्या परंपरेत प्राधान्य मिळाले ते वेळेला व उत्पादनाला.

१९१६ साली मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी स्वयंसेवेचे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने माल स्वतः निवडून बाहेर पडताना पैसे चुकते करावयाचे, या पद्धतीमुळे सारा माल गल्ल्यापाशी एकवटला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय येथे दुकानातील वस्तूवरची बारकोडची पट्टी प्रथमच यंत्राने वाचली. किंमत बटणांनी उमटविण्याचे श्रम त्यायोगे कमी झाले. परंतु प्रत्येक वस्तू ओढून, वळवून तिची पट्टी यंत्रासमोर धरण्याचे काम मनगटावर आले.

अशा कामाच्या परीक्षणास वापरली जाणारी ‘रूला’ ही पद्धती मॅकअ‍ॅटॅम्नी व कॉर्लेट यांनी १९९३ साली प्रसिद्ध केली. तीत बाहू, मनगट, मान व धड यांच्या स्थितीवरून १ ते ७ गुण दिले जातात. हालचाल मिनिटास चारांहून अधिक वेळा घडल्यास एक गुण वाढतो. परंतु ती पाच वेळा घडो वा वीस वेळा, वाढ तेवढीच राहते. म्हणजे पुनरावृत्ती हाच ज्या कामाचा धर्म, त्या कामात हे माप अपुरे पडते. मिलान येथील ओक्किपिंती व कोलोंबिनी यांच्या ‘ओक्रा’ पद्धतीने हालचालींची वारंवारता आणि विश्रांतीचे अंतराल यांचीही गणना केली, हे तिचे वैशिष्ट्य होय.

वस्तू उचलण्याऐवजी सरकविणे, दोन्ही हात वापरणे, जड माल अंगाजवळ ठेवणे, ही कौशल्ये शिकविता येतात. परंतु मेज अतिरुंद आणि रांग लांब असेल, तर शिकविलेले कौशल्य हातात टिकत नाही. अशा वेळी ‘काम करण्याची रीत सदोष’ असा शेरा मारणे म्हणजे मेजाचा दोष मनुष्याच्या माथी मारणे होय. म्हणून परीक्षणात मेज, वेग व विश्रांती आधी तपासावीत आणि कामगाराची रीत त्यांनंतर. रोग्यास त्याचा व्यवसाय विचारावा, असे रामात्सिनी वैद्यांस सांगत. परीक्षकानेही गल्ल्यावरील मनुष्यास, त्याने शेवटची विश्रांती केव्हा घेतली, हे आधी विचारावयास हवे.