रितेपण

रितेपण : एखाद्या पात्रात, जागेत, काळात किंवा मनात जे असावे अशी अपेक्षा असते, ते नसण्याची स्थिती. ‘रिता’ हा शब्द संस्कृत ‘रिक्त’पासून प्राकृत ‘रित्त’मार्गे मराठीत आला. रिकामा, ओस, सुना, पोकळ, पोचा, कोरा, पडीक आणि मोकळा हे शब्द त्याच्या जवळचे असले, तरी ते सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. भांडे रिते असते, गाव ओस पडते, घर सुने होते, दाणा पोचा निघतो, कागद कोरा राहतो आणि न पेरलेली जमीन पडीक पडते. काय नाही हे त्या त्या शब्दातच सांगितलेले असते : ओस गावात माणसे नसतात, पोच्या दाण्यात गर नसतो. त्यामुळे मराठीत रितेपण बहुधा कशाचे तरी असते. जे नाही ते नकोसे असेल, तर हीच स्थिती सुखाची ठरते आणि तिला ‘मोकळा’ हा शब्द लागतो. मोकळा वेळ आणि रिकामा वेळ यांतील भेद मराठी बोलणाऱ्यास समजावून सांगावा लागत नाही.

महसुली दप्तरात या कल्पनेला नेमके रूप मिळाले आहे. जेथे वस्ती उरलेली नाही, परंतु ज्याचे नाव, शीव आणि शेतजमीन नोंदींत कायम आहे, अशा गावास ‘बेचिराख’ म्हणतात. फारसीत ‘चिराग’ म्हणजे दिवा, म्हणून बेचिराख म्हणजे जेथे दिवा लागत नाही ते गाव. विदर्भात अशा गावांना ‘रिठी’ किंवा ‘उजाड’ असेही म्हणतात. माणसे गेली तरी तेथील शेते कसली जातात. गाव रिते होते, शिवार नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णा नदीच्या खोऱ्यापर्यंत पसरलेला असून त्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. भूजल खारे असलेल्या या पट्ट्यात विहिरीला पाणी असूनही ती पिण्याच्या पाण्यापुरती रितीच ठरते. पीक आणि पाणी यांच्या असण्या-नसण्याविषयीची या भागातील चिंता तालुक्यातील भेंडवळ येथील घटमांडणीत सर्वांत स्पष्टपणे दिसते. वाघ घराण्याकडे चालत आलेली ही प्रथा चंद्रभान महाराज यांनी सुरू केली आणि ती सुमारे साडेतीनशे वर्षांची आहे, असे मानले जाते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोलाकार घट आखून त्यात गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी इत्यादी अठरा प्रकारची धान्ये व बिया मांडतात. मधोमध खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची निदर्शक अशी मातीची चार ढेकळे ठेवतात आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. सोबत पानसुपारी, करंजी, पापड, कुरडई असे पदार्थ असतात. पानसुपारी राजाची आणि करंजी तिजोरीची खूण समजली जाते. त्यानंतर रात्रभर तेथे कोणीही फिरकत नाही. ती जागा मुद्दाम निर्मनुष्य ठेवली जाते, आणि घटमांडणीचा सारा अर्थ या राखलेल्या रितेपणावर उभा असतो, कारण रात्री घडलेला बदल माणसाच्या हातचा नाही हे त्याशिवाय म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते धान्य जागेवरून हलले, कोणते ढेकूळ भिजले, कोणते कोरडे राहिले हे पाहून पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते व ते ऐकण्यासाठी दूरदूरचे शेतकरी जमतात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही. तरीही पेरणीपूर्वी पदरचे बियाणे आणि पैसा मातीत घालणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याची अनिश्चितता खरी आहे, आणि प्रथेचे मोल ठरवताना ती नजरेआड करणे अन्यायाचे होईल.

गणितात आणि तत्त्वज्ञानात याच कल्पनेसाठी ‘शून्य’ हा शब्द येतो. ब्रह्मगुप्ताने इ. स. 628 मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात शून्यासह करावयाच्या बेरीज-वजाबाकीचे नियम दिले. मराठीत शून्यास ‘पूज्य’ असेही म्हणतात. बौद्ध आचार्य नागार्जुन, ज्यांचा जन्म तिबेटी परंपरा विदर्भात झाल्याचे सांगते, त्यांच्या ‘मूलमध्यमककारिके’त शून्यता म्हणजे काहीच नसणे नव्हे. प्रत्येक वस्तू इतर कारणांच्या आधाराने घडते, म्हणून तिला स्वतःचा स्वतंत्र, न बदलणारा स्वभाव नाही. ती त्या स्वभावापासून रिती आहे, असा त्याचा आशय आहे. येथेही रितेपण कशाचे, हे सांगावेच लागते.

घरगुती बोलण्यात मात्र रितेपणाचा उच्चार टाळण्याकडे कल असतो. मीठ संपले असे न म्हणता ते ‘वाढले’ म्हणतात, दुकान बंद करण्यास दुकान ‘वाढवणे’ म्हणतात, आणि शेजारून आलेले भांडे रिकामे परत करत नाहीत. वस्तूंच्या बाबतीत दाखवलेली ही हळुवारता माणसांच्या वाट्याला नेहमी आलेली नाही : मूल नसलेल्या स्त्रीची कूस रिती म्हणण्याची रूढी दीर्घकाळ चालली आणि ओटीभरणासारख्या प्रसंगी तिला बाजूला ठेवण्यासाठी तोच शब्द कारण म्हणून पुढे केला गेला.