बूट, विजार आणि पोलिसांचा परवाना

बायकांसाठी ‘पुरुषी थाटाचे’ बूट, ‘पुरुषी थाटाचे’ कोट हल्ली दुकानात सर्रास मिळतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण पुरुषी म्हणजे नेमकं काय? व्याकरणात बूट पुल्लिंगी आणि चप्पल स्त्रीलिंगी, हे ठीक आहे. (विजारही स्त्रीलिंगीच आहे, बरं का!) चामड्याला किंवा कापडाला मात्र लिंग नसतं. आपली नऊवारी बघा. काष्टा घालून बायका शेतात राबल्या, घोड्यावर बसल्या. दोन्ही पाय मोकळे ठेवणाऱ्या त्या नेसण्याला कुणी पुरुषी म्हटलं नाही. पण काशीबाई कानिटकरांच्या काळात एखादी बाई पायांत बूट घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाली की तिची टिंगल होई. तेव्हा आक्षेप कपड्याला नसावा, आणखी कशाला तरी असावा. तो कशाला, हे पाहण्यासाठी आज आपण पॅरिसला जाऊ, कारण तिथे हा आक्षेप सरकारी कागदावर उतरलेला आहे.

नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीसप्रमुखांनी एक हुकूम काढला. ज्या बाईला पुरुषाचा वेश करायचा असेल तिने पोलीस कचेरीत येऊन परवाना घ्यावा, आणि परवाना मिळेल तो डॉक्टरी दाखल्यावर. थोडक्यात, ‘मला सोयीचं वाटतं’ हे कारण चालणार नाही. प्रकृतीची तक्रार असेल तरच विजार. क्रांती होऊन, मानवाच्या हक्कांचा जाहीरनामा निघून तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती, हेही लक्षात घ्या.

आता ऑरोर द्युपाँ या तरुणीकडे येऊ. जग तिला जॉर्ज सँड या नावाने ओळखतं. १८३१ च्या जानेवारीत ती लेखनावर पोट भरायच्या इराद्याने पॅरिसला आली. वय २६, हाती महिन्याला २५० फ्रँक. तिने आत्मचरित्रात सांगितलेली अडचण अगदी व्यवहारातली आहे, तात्त्विक वगैरे नाही. पॅरिसच्या फरसबंदी रस्त्यांवर बायकांचे नाजूक जोडे दोन दिवसांत फाटत. चिखलापासून बचाव म्हणून लाकडी खडावांसारखं काही घालावं तर पाय घसरे. मखमली टोप्या भिजून जात, घागऱ्याचे काठ मळत. नाटक पाहायचं, वर्तमानपत्रं वाचायची, शहरात काय चाललंय ते कळायला हवं, पण बाईच्या पोशाखात हे सगळं परवडेना. गाडी ठेवायला पैसे नाहीत, आणि पायी फिरायला पाय मोकळे नाहीत.

तोडगा आईने सुचवला. आईवडिलांच्या ओढगस्तीच्या दिवसांत वडिलांनीच आईला पुरुषाचे कपडे घालायला दिले होते, आणि घरखर्च निम्म्यावर आला होता! मग ऑरोरने जाड करड्या कापडाचा टाचेपर्यंतचा कोट शिवून घेतला, त्याच कापडाची विजार आणि जाकीट. डोक्यावर करडी हॅट, गळ्याला लोकरी गळपट्टा. दिसायला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी. पण तिचं खरं प्रेम जडलं ते बुटांवर. टाचेला लोखंड ठोकलेले ते बूट उशाशी घेऊन झोपायचीसुद्धा तिची तयारी होती. त्या टाचांवर तिला पहिल्यांदा रस्त्यावर नीट उभं राहता आलं. ती पॅरिसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडली, रात्री-अपरात्री परतली, नाटकगृहात खालच्या स्वस्त जागेत पुरुषांबरोबर बसली. बायकांना तिथे मज्जाव होता. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि हेच तर तिला हवं होतं.

आता रोझा बोन्योर ही चित्रकार घ्या. जनावरं रंगवणं हा तिचा विषय, म्हणून घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन बसणं भाग होतं. तिथे घागरा घालून जाणं म्हणजे कामाचं मातेरंच. तिचं ‘घोडेबाजार’ हे प्रचंड चित्र १८५३ मध्ये प्रदर्शनात लागलं. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १८५७ मध्ये तिला मिळालेला पोलीस परवाना उपलब्ध आहे. मुदत सहा महिने, कारण ‘प्रकृती’. आणि खाली अट अशी, की या वेशात नाटकं, नाच आणि इतर सार्वजनिक मेळाव्याच्या ठिकाणी हजर राहता येणार नाही.

ही अट मला फार बोलकी वाटते. सँड ज्या नाटकगृहासाठी विजार घालत होती, तेच नेमकं परवान्यातून वगळलेलं! कामापुरता पुरुषी वेश चालेल. आपल्या मर्जीने चार लोकांत जाऊन बसायला नाही. पोलिसांना चिंता विजारीची नव्हती, त्या विजारीतून बाई कुठे पोचेल याची होती. याच सत्तेने १८६५ मध्ये रोझाला ‘लेजन ऑफ ऑनर’ दिला, तोही सम्राज्ञीच्या हस्ते.

पुढे सायकल आली तेव्हा हुकुमाला थोडी ढील मिळाली. १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी विजारीला मुभा दिली, पण बाईच्या हातात सायकलचा दांडा किंवा घोड्याचा लगाम असेल तर. म्हणजे सायकलवरून उतरलात की गुन्हा! १९६६ मध्ये इव्ह सँ लोराँ यांनी बायकांसाठी पुरुषी टक्सिडो शिवला आणि त्याचा जगभर बोलबाला झाला, तेव्हासुद्धा हा हुकूम कुणी औपचारिकपणे रद्द केलेला नव्हता.

अखेर जानेवारी २०१३ मध्ये एका लेखी प्रश्नाला उत्तर देताना महिला हक्क खात्याच्या मंत्री नजात वालो-बेल्कासेम म्हणाल्या, की हा हुकूम राज्यघटनेतल्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, त्यामुळे तो गर्भितपणे केव्हाच रद्द झालेला आहे. जे मुळात उरलेलंच नाही ते वेगळं रद्द कसं करणार? तर्क बिनचूक आहे. पॅरिसच्या पोलीस दप्तरात तो हुकूम आता निव्वळ जुना कागद म्हणून जपून ठेवलेला आहे.