दुसऱ्या सहीचा इतिहास

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकाने व्यवहार नोंदवायचा व दुसऱ्याने तो तपासून मंजूर करायचा, या ‘मेकर-चेकर’ पद्धतीमागेही तेच शहाणपण आहे. पुढे खातेवहीची जागा डेटाबेसने घेतली. परंतु ज्या प्रॉडक्शन डेटाबेसवर प्रत्यक्ष सेवा चालते, त्यात बदल करणाऱ्या अभियंत्याकडे अनेक ठिकाणी दोन्ही किल्ल्या राहिल्या.

३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कोड सांभाळणाऱ्या सेवेत याची किंमत मोजावी लागली. रात्री उशिरा एक अभियंता दुय्यम सर्व्हर दुरुस्त करीत होता. तेथील फोल्डर पुसण्याची आज्ञा अनवधानाने मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन सेकंदांतच चूक ध्यानात आली, तोवर सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम ४.५ जीबी उरले होते. नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने तयारच होत नव्हता. ते कळविणारे ईमेलही नाकारले जात होते. चाचणीसाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या प्रतीने सेवा वाचविली; मधल्या तासांतील नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

तेथे दुसरी नजरच नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात ती चुकविली गेली. मुंबईतील शाखेतून ‘स्विफ्ट’द्वारे हमीपत्रे गेली, पण त्यांची नोंद कोअर बँकिंग प्रणालीत झाली नाही, कारण दोन्ही प्रणाली जोडलेल्या नव्हत्या. प्रथम जाहीर झालेली रक्कम सुमारे ११,४०० कोटी रुपये होती. स्विफ्टच्या संभाव्य गैरवापराबाबत रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केले होते.

१ एप्रिल २०२३ पासून भारतीय कंपन्यांच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक आहे. हे पाऊल मोलाचे आहे; तथापि अशी नोंद घडून गेलेले सांगते, घडू पाहणारे थांबवीत नाही. ते काम मंजुरीचे. मंजुरीवाचून आज्ञा चालणारच नाही अशी सोय प्रणालीतच हवी, आडवाटा बुजविलेल्या हव्यात आणि बॅकअप वेळोवेळी प्रत्यक्ष उतरवून पाहिलेला हवा. एवढे करूनही न वाचता केलेली दुसरी सही ही पहिल्याच सहीची नक्कल ठरते.