नॅनो तंत्रज्ञान आणि कर्करोगोपचार : आश्वासन व जोखीम यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

अब्जांश मीटरच्या मापात द्रव्याची रचना घडविणारे तंत्र म्हणजे नॅनो तंत्रज्ञान होय. कर्करोगाच्या उपचारात त्याचा शिरकाव झाल्यापासून त्याविषयी दोन टोकांची मते मांडली गेली. एका मतानुसार हे सूक्ष्म कण रोगट पेशी अचूक हेरून त्यांचाच नाश करतील. दुसऱ्या मतानुसार ते शरीरात शिरून अकल्पित अनर्थ घडवतील. उपलब्ध इतिहास तपासला असता दोन्ही मते अपुरी ठरतात. जे प्रत्यक्षात साध्य झाले ते आश्वासनाहून वेगळे होते. ते वेगळेपण ध्यानात न घेतल्यामुळे या उपचारांचे यश आणि अपयश दोन्ही चुकीच्या मापाने मोजले गेले.

लायपोसोम ते डॉक्सिल :

या इतिहासाचा आरंभ कर्करोगाच्या रुग्णालयात झालेला नाही. केंब्रिजजवळील बाब्रहम येथे ॲलेक बँगहॅम आणि त्यांचे सहकारी पेशीच्या पटलाचा अभ्यास करीत होते. फॉस्फोलिपिड पाण्यात मिसळले असता त्याचे बंदिस्त सूक्ष्म कोश बनतात, हे त्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधातून दाखवून दिले. या कोशांना पुढे ‘लायपोसोम’ हे नाव मिळाले. त्यांत औषध भरून ते शरीरात सोडावे, ही कल्पना १९७० च्या दशकातील आहे.

त्याच सुमारास डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध प्रचारात आले होते. अनेक प्रकारच्या कर्करोगांवर ते गुणकारी ठरले. परंतु एकूण मात्रा ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की हृदयाच्या स्नायूला गंभीर इजा होई. औषध लागू पडत असतानाही ते थांबविण्याची वेळ डॉक्टरांवर येत असे. म्हणजे मूळ प्रश्न औषध अर्बुदापर्यंत नेण्याइतकाच ते हृदयापासून दूर ठेवण्याचा होता. पुढील काळात हा दुसरा भाग काहीसा विस्मरणात गेला.

जेरुसलेम येथे अल्बर्टो गॅबिझोन आणि येहेझ्केल बारेनहोल्त्झ यांनी लायपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन भरण्याचे प्रयत्न केले. १९८० च्या दशकातील पहिला प्रयोग फसला. यकृत व प्लीहा यांतील भक्षक पेशी हे कोश रक्तातून लगेच उचलून घेत. या अपयशातूनच पुढील दिशा सापडली. कोशावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पदार्थाचे आवरण चढविण्यात आले आणि अमोनियम सल्फेटच्या साहाय्याने औषध आत घट्ट कोंडण्यात आले. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचे हे कोश रक्तात दीर्घकाळ टिकू लागले. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एड्सग्रस्तांमधील कापोसी सार्कोमासाठी ‘डॉक्सिल’ला मान्यता दिली. आज पहिले नॅनो औषध म्हणून गौरविले जाणारे हे औषध तयार होत असताना ‘नॅनो’ ही मोहोर त्यावर नव्हती. ती पुष्कळशी नंतर उमटली.

आश्वासनाचा काळ :

जपानमधील कुमामोतो येथे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. अर्बुदातील रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात व तेथील लसिकावहन दुबळे असते. त्यामुळे मोठे रेणू तेथे झिरपून साचून राहतात. या तत्त्वावर पुढील संशोधनाचा डोलारा उभा राहिला. मराठीत हमखास गुण देणाऱ्या औषधाला ‘रामबाण’ म्हणण्याचा प्रघात आहे. नॅनो कणांकडूनही तशाच अचूक वेधाची अपेक्षा होती. २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे संचालक अँड्र्यू फॉन एशेनबाख यांनी कर्करोगाने होणाऱ्या यातना व मृत्यू २०१५ पर्यंत संपविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. २००४ मध्ये त्याच संस्थेने नॅनो तंत्रज्ञानासाठी पाच वर्षांची, सुमारे १४ कोटी ४० लाख डॉलरची योजना आखली. २०१५ उलटले, उद्दिष्ट मात्र दूरच राहिले.

मूल्यमापन :

२००४ मध्येच प्रसिद्ध झालेली एक चाचणी या संदर्भात बारकाईने वाचण्याजोगी आहे. शरीरात पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ५०९ स्त्रियांपैकी काहींना साधे डॉक्सोरुबिसिन व काहींना त्याचे आवरणयुक्त लायपोसोम रूप देण्यात आले. आयुर्मान जवळजवळ सारखेच आढळले : नव्या रूपाने २१ महिने, जुन्याने २२ महिने. हृदयाची इजा मात्र नव्या औषधाने पुष्कळच घटली. केस गळण्याचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. उलट तळहात व तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास २ टक्क्यांवरून ४८ टक्क्यांवर गेला. जोखीम नाहीशी झाली नव्हती. तिने जागा बदलली होती. हृदय निकामी होण्यापेक्षा त्वचेचा त्रास सुसह्य, हे मान्य करावेच लागेल. परंतु ज्या रुग्णाला ‘अर्बुदावर अचूक मारा’ असे सांगितले गेले, तिला हा व्यवहार कितपत समजावला गेला, हा प्रश्न उरतो.

२००५ मध्ये मान्यता मिळालेल्या ॲब्रॅक्सेनची कथा फारशी निराळी नाही. पॅक्लिटॅक्सेल विरघळविण्यासाठी वापरला जाणारा, एरंडेलापासून बनविलेला व तीव्र ॲलर्जी घडविणारा द्रावक त्यातून वगळला गेला, हा त्याचा मोठा गुण होय.

अचूक वेधाचे स्वप्न मात्र मागे पडत गेले. उष्णतेने उघडणाऱ्या ‘थर्मोडॉक्स’ या लायपोसोमची यकृताच्या कर्करोगावरील मोठी चाचणी २०१३ मध्ये असफल ठरली. लक्ष्यवेधी कण तयार करणाऱ्या ‘बाइंड थेराप्युटिक्स’ या कंपनीने २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी टोरांटो येथील वॉरन चॅन यांच्या गटाने मागील दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. टोचलेल्या कणांपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. उंदरांच्या झपाट्याने वाढणाऱ्या गाठी आणि माणसाच्या सावकाश वाढणाऱ्या गाठी यांतील फरकही यानंतर अधिक गांभीर्याने चर्चिला गेला.

पुरवठा आणि भारत :

जोखीम केवळ शरीरातच असते असे नाही. २०११ मध्ये ओहायो राज्यातील कंत्राटी कारखान्यातील उत्पादन थांबताच अमेरिकेत डॉक्सिलची टंचाई निर्माण झाली आणि उपचार सुरू असलेल्या रुग्णांचीही अडचण झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये तेथील प्रशासनाने मुंबईस्थित सन फार्मा समूहाचे ‘लिपोडॉक्स’ तात्पुरते आयात करण्यास संमती दिली. २०१३ मध्ये याच समूहाच्या जेनेरिक औषधाला रीतसर मान्यता मिळाली. यातून एक अवघड प्रश्न पुढे आला. साध्या औषधात रेणू तोच असल्याचे सिद्ध करता येते. पण कोशाचा आकार, आवरणाची जाडी किंवा आतील औषधाची ठेवण किंचित बदलली, तर ते औषध ‘तेच’ म्हणावे काय? भारतात नॅनो मिशन २००७ मध्ये सुरू झाले. नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे मात्र ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. त्यांतही सर्व औषधांना एकच कसोटी न लावता प्रत्येक औषधाची स्वतंत्रपणे छाननी करण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.